कीबोर्डचा फ्लॉपी ड्राइव्ह बदलण्याआधी फ्लॉप्या वाचवा

गेल्या वैशाखात अमळनेरला माझ्या टेबलावर ६१ पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड आला. आणणारे धुळ्याकडच्या एका बँडचे मास्तर, वय सत्तरीच्या घरात. आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, फ्लॉपी वाचस नही. परवा वरात शे." सोबत स्टीलचा जेवणाचा डबा होता आणि डब्यात नऊ फ्लॉप्या. मास्तरांनी वीस वर्षं बसून बसवलेले ठेके त्यात होते: कानबाईच्या गाण्यांचे, हळदीचे, वरात दारात आल्यावर वाजवायचे. असे ठेके कुठल्याही कीबोर्डात कंपनीकडून येत नाहीत. मी मास्तरांना सरळ सांगितलं, परवाच्या वरातीला दुसऱ्याचा कीबोर्ड मागून न्या, याला आठ दिवस लागतील. त्या आठ दिवसांतले पाच फ्लॉप्यांवर गेले आणि ड्राइव्हला एक दुपार पुरली. तुमच्याकडे असं काम आलं तर तुम्हीही याच क्रमाने करा.

सगळ्यात मोठी चूक घरीच होते. एक फ्लॉपी वाचली नाही की माणूस दुसरी घालतो, मग तिसरी. ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपीतली चकती वाचणारा भाग, मळलेलं असेल तर ते फिरत्या चकतीवर घासतं. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, त्यामुळे दहा सेकंदांतही नुकसान होतं. मास्तरांनी चार फ्लॉप्या घालून पाहिल्या होत्या. त्यातल्या एकीची पत्र्याची झडप बोटाने सरकवून उजेडात धरली, तर काळपट तपकिरी चकतीवर गोल, चकचकीत कडं उमटलेलं. तिथला चुंबकीय थरच खरवडून निघाला होता. म्हणून ड्राइव्हवर संशय आला की त्या क्षणी फ्लॉप्या घालणं थांबवा.

मग प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून खिडकी उघडी करा. खिडकी उघडी असली की फ्लॉपीवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह काँप्युटरला लावा, आधी एखादी बिनकामाची फ्लॉपी घालून तो नीट वाचतो याची खात्री करा आणि प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल एका फाइलीत, काढा. नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही, कारण काही कीबोर्ड स्वतःच्या पद्धतीने फ्लॉपी फॉरमॅट करतात आणि काँप्युटरला ती कोरी दिसते. तो "फॉरमॅट करू का?" विचारील, तेव्हा नाही म्हणा. एचडी (जास्त साठवणाऱ्या) फ्लॉपीची इमेज १४,७४,५६० बाइटची भरते आणि डीडीची (कमी साठवणारीची) ७,३७,२८०. आकडा कमी आला तर इमेज अर्धवट निघाली असं समजा. एचडीला दोन कोपऱ्यांत दोन भोकं असतात, डीडीला एकच. मास्तरांच्या आठ फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. खरवडलेलीतले दोन ठेके गेले, ते त्यांना हाताने पुन्हा बसवावे लागले. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

कीबोर्डच्या आतल्या मेमरीतही सेटिंग असतात. मेनूत मिडीवरून (वाद्यं एकमेकांना आणि काँप्युटरला जोडायच्या तारेवरून) सगळा डेटा बाहेर पाठवायची सोय असेल तर कीबोर्ड खोलण्याआधी तीही वापरून घ्या.

आता खोलायचं. प्लग काढा आणि गोधडीवर कीबोर्ड पालथा घाला. दोन्ही टोकांना उशा द्या, म्हणजे सगळं वजन बटणांवर आणि पिच व्हीलवर येणार नाही. पुठ्ठ्यावर कीबोर्डच्या बुडाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच टोचून ठेवा. हे आळसाने टाळू नका. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या पॅनेलला फोड येतो. ज्या कीबोर्डात २३० व्होल्टची तार थेट आत जाते, त्याच्या सप्लाय बोर्डाला अजिबात हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरात वीज साठून राहते.

ड्राइव्ह बाहेर काढला आणि वरचा पत्रा उचलला, तर आत कापसाचा तंतू. मास्तरांचं घर जिनिंगला लागून आहे. हिवाळाभर हवेत उडणारी रुई फ्लॉपीच्या फटीतून आत जाऊन हेडच्या दांड्याला गुंडाळली गेली होती आणि त्यावर वरातीतला गुलाल बसून गुलाबी गाठ झाली होती. चिमट्याने ती तंतू तंतू काढायला पाऊण तास गेला. आपल्याकडे कापूस, काळ्या मातीची धूळ आणि मार्चपासूनचं ऊन, तिन्ही ड्राइव्हच्या मुळावर आहेत. म्हणून ड्राइव्ह बदलायचं ठरवण्याआधी एकदा साफ करून बघाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तंतू न सुटणारं कापड ओलं करा आणि हेड हलकेच पुसा. वरचं हेड नाजूक पट्टीवर असतं, ते कधीही उचलू नका. एकदा वाकलं की जागा सोडतं. काही जुन्या ड्राइव्हमध्ये रबरी बेल्ट असतो आणि तो उन्हाने काकवीसारखा चिकट होतो. तेवढा बेल्ट बदलूनही ड्राइव्ह चालू लागतो. मास्तरांच्या ड्राइव्हची मोटर फिरत होती, पण साफ करूनही हेड जागचं हलेना. तो बदलणंच भाग होतं.

इथे बरेच जण फसतात. भंगारातल्या काँप्युटरचा ड्राइव्ह दिसायला तोच, ३४ पिनांची केबलही तीच, पण लावला की कीबोर्ड "डिस्क नाही" म्हणतो. कारण पिनांत आहे. बहुतेक कीबोर्ड ड्राइव्हला १० नंबरच्या पिनेवरून हाक मारतात, काँप्युटरचा ड्राइव्ह मात्र १२ नंबरवर ऐकत बसलेला असतो. शिवाय ३४ नंबरच्या पिनेवर कीबोर्डला "तयार आहे" असा सिग्नल हवा असतो, आणि काँप्युटरचा ड्राइव्ह तिथे "डिस्क बदलली" असं सांगतो. सोल्डरिंग करून हे जुळवता येतं. पण फ्लॉपीच आता कुठे मिळते? सोनीने २०११ मध्येच ती विकणं थांबवलं. माझ्या मते गोटेक नावाचं फ्लॉपी एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह चालवणारं यंत्र, बसवावं. आकार साडेतीन इंची ड्राइव्हचाच, मागे ३४ पिना आणि पुढे पेनड्राइव्हची जागा. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर आधीच घातलेलं असेल असाच मागवा. ते एचडी आणि डीडी दोन्ही प्रकारच्या इमेज चालवतं.

बसवताना तीन गोष्टी बघा. गोटेकच्या मागे एस-झीरो असं लिहिलेल्या जागी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावा, म्हणजे ते १० नंबरवर ऐकेल. पेनड्राइव्हमधल्या सेटिंगच्या फाइलीत इंटरफेस "शुगार्ट" ठेवा, म्हणजे ३४ नंबरचा प्रश्न सुटतो. आणि वीज. काँप्युटरमध्ये लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ ची आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. कीबोर्डात रंगांचा काही भरवसा नाही, मल्टिमीटरने मोजूनच जोडा. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर गोटेक जागेवर जळेल. काही कीबोर्डांत २६ पिनांची पातळ पट्टी असते आणि वीजही तिच्यातूनच येते, तिथे वेगळा अडॅप्टर लागतो.

केबलची रंगीत कड एक नंबरच्या पिनेकडे. चालू केल्यावर ड्राइव्हचा दिवा एकसारखा पेटून राहिला तर केबल उलटी आहे. बंद करा आणि फिरवा. बसवायला ३ मिलिमीटर जाडीचे आखूड स्क्रूच वापरा, लांब स्क्रू आतल्या बोर्डाला टेकतो. पुढची फट जुळली नाही तर कीबोर्डचं प्लास्टिक कापण्यापेक्षा पत्र्याची जुनी चौकट थोडी मागेपुढे करा.

फ्लॉप्यांच्या इमेज ठेवायला पेनड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा घ्या आणि बुटका घ्या. बँडच्या गाडीवर लांब पेनड्राइव्हला कुणाचं तरी कोपर लागतंच. झाकण लावण्याआधी एक ठेका लोड करा, दुसऱ्या इमेजमध्ये सेव्ह करा, कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करा आणि तोच ठेका परत लोड करा. मग तासभर चालू ठेवून बघा. छोट्या पडद्यावर नुसते आकडे दिसतात, म्हणून कुठल्या आकड्यावर काय आहे ते मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पॅनेलला चिकटवलं: ००० हळद, ००१ वरात, ००४ कानबाई. त्यांनी आधी ००४ लावला, डाव्या हाताने दोन सूर धरले आणि पूर्ण आवर्तन होईपर्यंत बोट उचललं नाही.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर तशीच नक्कल करून मी ती त्याच स्टीलच्या डब्यात, जुन्या फ्लॉप्यांच्या वर ठेवून दिली. डबा डीजेच्या स्पीकरवर ठेवू नका, एवढं मात्र बजावून सांगितलं. पेनड्राइव्हला स्पीकरच्या चुंबकाचं काही होत नाही, पण फ्लॉप्या पुसल्या जातात, आणि मूळ फ्लॉप्या मास्तरांना जपून ठेवायच्या आहेत.