मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजताना: सरासरी काढूनही न जाणारा नॉइज

एमईजीच्या, म्हणजे मेंदूचे चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजण्याच्या, कामाला नव्याने लागलेले विद्यार्थी बहुधा सेन्सरच्या आकड्यापाशीच अडकतात. स्क्विडचा (अतिशीत अतिवाहक सेन्सरचा) नॉइज साधारण ३ फेम्टोटेस्ला (टेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककाचा १०⁻¹⁵ वा भाग) प्रति √हर्ट्झ आणि ऑप्टिकल मॅग्नेटोमीटरचा (प्रकाशाने क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरचा) ७ ते १५, म्हणजे स्क्विडच सरस, असा हिशेब ते मांडतात. प्रत्यक्षात ड्यूअरच्या (स्क्विड थंड ठेवणाऱ्या द्रव हेलियमच्या भांड्याच्या) इन्सुलेशनमधील धातूचा औष्णिक नॉइज, शील्डेड (बाहेरची चुंबकीय क्षेत्रे अडवणाऱ्या) खोलीच्या भिंती आणि कमी वारंवारतेला या सर्वांवर मात करणारी मेंदूची स्वतःची पार्श्वभूमी यांवर मर्यादा ठरते. शिवाय ऑप्टिकल सेन्सर डोक्याच्या त्वचेलगत बसत असल्यामुळे त्याला मिळणारा सिग्नलच मोठा असतो.

१० फेम्टोटेस्ला प्रति √हर्ट्झ इतका नॉइज १०० हर्ट्झच्या पट्ट्यात १०० फेम्टोटेस्ला भरतो, म्हणजे जवळजवळ सिग्नलइतकाच. १०० ट्रायलची (पुन्हा पुन्हा उद्दीपन देऊन घेतलेल्या नोंदींची) सरासरी काढली की तो १० वर येतो. मात्र हे गणित स्टिम्युलसशी (दिलेल्या उद्दीपनाशी) संबंध नसलेल्या नॉइजलाच लागू पडते, आणि खरा सापळा येथेच आहे. स्टिम्युलस बरोबर १ सेकंदाच्या अंतराने दिला, तर त्या अवधीत ५० हर्ट्झच्या मेन्सची (घरगुती वीजपुरवठ्याची) ५० पूर्ण आवर्तने बसतात, त्यामुळे प्रत्येक ट्रायलमध्ये मेन्स जवळपास त्याच फेजमध्ये येतो आणि सरासरीत टिकून राहतो. मनगटाच्या मीडियन नर्व्हला उद्दीपन दिल्यावर पहिला प्रतिसाद सुमारे २० मिलिसेकंदांनी येतो आणि मेन्सचे एक आवर्तनही नेमके २० मिलिसेकंदांचेच असते. उरलेली लाट प्रतिसादासारखीच दिसते. एकाआड एक ट्रायलचे चिन्ह उलटून काढलेला नॉइजचा अंदाजही येथे फसवतो, कारण त्या वजाबाकीत सिग्नलबरोबर हा मेन्सही नाहीसा होतो आणि आकडा खोटा सुंदर येतो.

म्हणून दोन स्टिम्युलसमधील अंतर निदान एका पूर्ण आवर्तनाइतके यादृच्छिक ठेवावे, आणि रिकाम्या खोलीत स्टिम्युलेटर चालू ठेवून, तेच ट्रिगर (स्टिम्युलसची वेळ दाखवणाऱ्या खुणा) वापरून सरासरी काढावी. तेथे प्रतिसाद दिसला, तर तो मेंदूचा नाही. नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ कापणारा) लावून मोकळे होण्याचा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. तो तीव्र शिखरांभोवती खोट्या लहरी उमटवतो. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कच्चा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती नॉइज आहे ते) पाहायला लावणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नये.

सुरुवातीच्या नोंदी घाण दिसल्या म्हणून खचू नका. पृथ्वीचे क्षेत्र या सिग्नलच्या सुमारे ५० कोटी पट असते, आणि डेव्हिड कोहेन यांना १९६८ साली साध्या कॉइलने मेंदूचा अल्फा ताल मोजताना सरासरीचाच आधार घ्यावा लागला होता.