कँटोनीजमध्ये ‘हे खरं आहे’ औपचारिक भाषेत कसं सांगायचं

हाँगकाँगमध्ये बोलताना ‘खरंच’ म्हणायला ‘चन् हइ’ पुरतं. बातमी, अर्ज किंवा बँकेचं पत्र आलं की शब्द बदलतात. त्यातल्या बहुतेकांच्या शेवटी एकच अक्षर असतं: ‘सत्’, म्हणजे वास्तव. आपल्या ‘सत्य’शी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला आयती सोय.

आधी हे अक्षर घोटून घ्या. कँटोनीजमध्ये सुराने, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराने, शब्दाचा अर्थ बदलतो. याचा सूर सहावा, म्हणजे खालचा आणि सपाट. आवाज वर ठेवलात तर तो पहिल्या सुरातला ‘सत्’ होतो आणि अर्थ ‘गमावणं’ होतो. शेवटचा त् फोडायचा नाही. जीभ दातांमागे टेकवून तिथेच थांबायचं. ‘सत्त’ झालं की चुकलंच. रोमन लेखन (यूत्पिंग) वाचताना ‘के’ म्हणजे आपला ख, ‘जी’ म्हणजे क आणि ‘झेड’ म्हणजे चमचातला च. खाली सगळीकडे हाच च धरा, चिमणीतला नाही.

आता निवड. कागदपत्रं ताडून पाहिली असतील तर ‘हत् सत्’: ओळख, पत्ता, खातं. अधिकारी व्यक्तीने किंवा संस्थेने ‘हो, असं घडलंय’ असं जाहीर केलं तर ‘चिंग सत्’. बातम्यांत हाच ऐकू येतो. दुजोरा मिळाला नसेल तर त्याआधी ‘मेइ किंग’ लावा. ‘खॉक् यिंग’ त्यामानाने मवाळ: आरक्षण, भेटीची वेळ, ऑर्डर पक्की करणं. ऑफिसात बोलताना त्याऐवजी सरळ इंग्रजी ‘कन्फर्म’ही चालतं, पत्रात मात्र नको.

‘सुक् सत्’ सगळ्यांत जास्त चुकतो, कारण तो ‘खरं असणं’ आहे, ‘खरं ठरवणं’ नव्हे. त्याला कर्म लागत नाही. ‘ची लिउ सुक् सत्’ म्हणजे ‘माहिती खरी आहे’. अर्जावरच्या प्रतिज्ञापत्रात हेच. त्याच्यानंतर नाम ठेवून ‘माहिती खरी ठरवली’ असं म्हणायला गेलात तर वाक्य मोडतं. तिथे ‘हत् सत्’ हवा.

‘खॉक् सत्’ वेगळाच: तो ‘खरोखर’ म्हणून क्रियापदाआधी येतो.

लिहिताना आणखी एक: पूर्ण झालेल्या क्रियेसाठी बोलण्यातला ‘चॉ’ प्रत्यय पत्रात घालू नका. क्रियापदाआधी ‘यि’ (पाचवा सूर) ठेवा: ‘यि हत् सत्’, म्हणजे ‘पडताळणी झाली आहे’.