मूत्राशयात गुळगुळीत गाठ दिसली तर: आधी रक्ततपासणी, मग बायॉप्सी

मूत्राशयातल्या बहुतेक गाठी आतल्या अस्तरातून उगवतात आणि त्यांत कर्करोगच जास्त. पण दुर्बिणीतून गाठ गुळगुळीत दिसली, वरचं अस्तर शाबूत असलं, तर ती अस्तराखालची समजावी आणि लगेच तुकडा घ्यायला (बायॉप्सीला) चिमटा लावू नये. ती लिओमायोमा (स्नायूंची साधी गाठ) किंवा हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) असू शकते, तशीच पॅरागँग्लिओमाही (संप्रेरकं बनवू शकणारी चेतासंस्थेशी जोडलेल्या पेशींची गाठ). पॅरागँग्लिओमाला हात लागला की त्यातली संप्रेरकं रक्तात सुटतात आणि टेबलावरच बीपी भडकतं.

म्हणून रुग्णाला नेमकं विचारा: लघवी करताना किंवा झाल्यावर डोकं ठणकतं का, धडधडतं का, घाम फुटतो का? नुसतं ‘लघवीला त्रास आहे का’ विचारलं तर हे कुणी आपणहून सांगत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तरी रक्तातल्या मेटानेफ्रिनची (या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी कराच. रक्त घेण्याआधी रुग्णाला 20 ते 30 मिनिटं आडवं झोपवा. बसवून घेतलेल्या नमुन्यात आकडा उगाच वाढतो. नैराश्यावरची काही औषधंही तो वाढवतात.

एमआरआयच्या टी-2 चित्रात (ज्यात पाणी उजळ दिसतं) लिओमायोमा बहुधा काळपट, तर पॅरागँग्लिओमा बहुधा उजळ दिसतो. निव्वळ चित्रावर निदान मात्र करू नये.

मेटानेफ्रिन वाढलेलं असेल तर शस्त्रक्रियेआधी 7 ते 14 दिवस डॉक्साझोसिनसारखं अल्फा-ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) द्यावं, डोस हळूहळू वाढवावा, सोबत मीठ आणि पाणी भरपूर. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) अल्फा-ब्लॉकरच्या आधी कधीच नाही: संप्रेरकांचा रक्तवाहिन्या सैल करणारा परिणाम बंद होतो, आकुंचन तसंच राहतं आणि बीपी आणखी चढतं. गाठ सहसा भिंतीत खोल असते, त्यामुळे दुर्बिणीतून खरवडण्यापेक्षा मूत्राशयाचा तेवढा भाग काढणं बरं. पुढे जनुकीय तपासणी आणि दरवर्षी मेटानेफ्रिन. ही गाठ वर्षांनंतरही पसरू शकते, तिला निर्धास्तपणे ‘साधी’ म्हणू नये.

मेटानेफ्रिन नॉर्मल असेल तर बायॉप्सीकडे वळा. तुकडा खोलवर घ्या. वरवरच्या तुकड्यात नुसतं निरोगी अस्तर येतं आणि रिपोर्ट फसवा निघतो. निळसर, मऊ गाठ मात्र हेमँजिओमा असू शकते, तिचा तुकडा घेताना जोरदार रक्तस्राव होतो. लिओमायोमा ठरला, लहान असला, त्रास नसला, तर लक्ष ठेवणं पुरे. आतल्या बाजूला आलेली लहान गाठ दुर्बिणीतून काढता येते. बाजूच्या भिंतीवर काम करताना ऑब्ट्युरेटर नर्व्ह (मांडीच्या स्नायूंची नस) चेतली तर मांडी झटका देते आणि मूत्राशयाला भोक पडू शकतं. तिथे नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) द्यावा. मोठी किंवा बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ पोटातून, लॅपरोस्कोपीने किंवा उघडून काढावी.