चेंजर घेताय? आधी टॉर्च घ्या

चेंजर म्हणजे तबकड्या एकामागून एक आपोआप बदलून वाजवणारी यंत्रणा. अशा ऑटोमॅटिक फोनोग्राफचा नाद लागला की नवा माणूस थेट गॅबेलच्या यंत्राची स्वप्नं पाहायला लागतो. शिकागोच्या जॉन गॅबेलचा 1906चा ऑटोमॅटिक एंटरटेनर: नाणं टाका, मूठ फिरवा, 24 तबकड्यांतली हवी ती वाजणार, वर सुईही आपोआप बदलणार. फोटो पाहून जीव रमवा, पण नागपुरात बसून तो हाती लागायची आशा धरू नका. वाजून झालेली तबकडी खणात टाकणारा 1927चा व्हिक्टर 10-50, किंवा तबकडी उलटवून दुसरी बाजू वाजवणारा केपहार्ट, यांचंही तेच. अमेरिकेतून मागवलाच, तर आतली इंडक्शन मोटर बहुधा 60 सायकलच्या, म्हणजे 60 हर्ट्झच्या विजेची निघते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. आपल्या 50 सायकलवर मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 65च्या आसपास रेंगाळते आणि गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा येतो. हे विकणारा सांगत नाही.

आपल्याकडे मिळतो तो चेंजरवाला रेडिओग्राम, म्हणजे एकाच पेटीत रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. धंतोली, सिव्हिल लाइन्सकडचे जुने बंगले पाडायला निघाले, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात स्थायिक झाली, की असे रेडिओग्राम बाहेर पडतात. 1950च्या दशकातला गॅरार्ड, कोलारो किंवा बीएसआरचा चेंजर असेल तर डोळे मिटून नाही, पण निर्धास्त मनाने बघायला जा. सुरुवात तिथूनच करा. चकचकीत पितळी कर्णा, नवी पॉलिश मारलेली पेटी आणि कुत्र्याचं कोरं करकरीत चित्र, असलं काही कोणी दाखवलं तर चहा प्या आणि उठा. ते शोभेचं असतं.

आता मी जिथे अडकलो ते. नीट वाचा, कारण ह्याबद्दल कोणी आधी बोलत नाही.

1920 आणि 30च्या दशकांतल्या यंत्रांत बरेच भाग जस्ताच्या ओतकामाचे आहेत. टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताचा बुडखा, सुईच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या साउंडबॉक्सचं कवच, चेंजरमधले कॅम (फिरताना बाकीच्या भागांना ढकलणाऱ्या चकत्या) आणि दातेरी चाकं. व्हिक्टरचे ऑर्थोफोनिक साउंडबॉक्स आधी पितळेचे होते, पुढे जस्ताचे झाले. त्या काळच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहून जायची. ती धातूच्या कणांच्या सीमेवर बसते आणि आतून गंज धरते. भाग फुगतो, वाकतो, आणि एक दिवस हातात तुकडे येतात. पुढे अतिशुद्ध जस्त वापरायला लागल्यावर हा रोग आटोक्यात आला, म्हणूनच मी पन्नासच्या दशकातला चेंजर घ्या म्हणतो. आधीच्या ज्या यंत्राला हा रोग असतो, त्याला तो ओततानाच लागलेला असतो. त्यावर औषध नाही. तेल नाही, रंग नाही, पूजापाठ नाही.

माझ्याकडे तिसच्या दशकातला एक इंग्रजी चेंजर आला. लाकूड देखणं, मोटर फिरती, फक्त आर्म अर्ध्यावर येऊन थांबायचा. मी ग्रीस सुकलंय असं समजून रॉकेलने धुतला, गरम केला, पुन्हा धुतला. शेवटी इतवारीतल्या एका शिवणयंत्रवाल्या मिस्त्रीला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कॅम नखाने खरवडला आणि म्हणाला, "भाऊ, हे जाम नाही झालं. हे फुगलं." मुलाम्याखाली बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात काळी जमीन तडकते तशा. मला त्या दिसल्या होत्या, मी त्यांना जुनेपणा समजत होतो.

तेव्हा फरक कळून घ्या. सुकलेलं ग्रीस सगळीकडे सारखंच ओढतं. हेअर ड्रायरने ऊब दिली की आर्म थोडा सैल पडतो. फुगलेलं जस्त एका ठरावीक जागी टणक अडतं आणि उबेने त्याला काही फरक पडत नाही. बघायला जाताना टॉर्च आणि छोटा आरसा न्या. वीज बंद ठेवून प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची थाळी, हाताने सावकाश फिरवा आणि चेंजरचं एक अख्खं चक्र पूर्ण होऊ द्या. अडलं की थांबा. जोर लावू नका, मालकालाही लावू देऊ नका. "थांबा, चालू करून दाखवतो" हे त्याचं वाक्य ऐकलं की प्लगवर हात ठेवा. त्या एका झटक्यात दात तुटतो आणि मग भावाची बोलणी संपतात. टोनआर्म बसतो ती जागा आरशाने खालून पाहा. क्रोमला फोड आल्यासारखे उंचवटे असतील तर कितीही स्वस्त मिळो, नको.

एवढं ऐकून घाबरू नका. तिसच्या दशकातले धडधाकट चेंजरही असतात. ओतीव भाग आजवर टिकले असतील, तर बहुधा पुढेही टिकतील.

पण नागपुरात त्यांना आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे डेझर्ट कूलर. दमट हवेत जस्ताचा तो रोग लवकर वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये कूलरसमोरची हवा दमट असते. शिवाय जुन्या पेट्यांचं विनियर सरसाने चिकटवलेलं असतं, ते ओलीने सुटतं. कूलर नको तर खोली तापते, आणि लाखेच्या तबकड्या पापडासारख्या वाकतात. वाकडी तबकडी चेंजरच्या दांड्यावरून पडली की तिचा कंगोरा उडतो. त्यामुळे यंत्र कूलरच्या झोतापासून दूर आतल्या खोलीत, तबकड्या उभ्या आणि खालच्या कप्प्यात. पोटमाळ्यावर तर कधीच नाही. 78च्या दुर्मिळ तबकड्या मी चेंजरवर घालतच नाही. हाताने एकेक लावतो. यंत्र ऑटोमॅटिक आहे म्हणून आपणही ऑटोमॅटिक व्हायला पाहिजे असं नाही.

फवाऱ्याच्या तेलाबद्दल माझं मत कडक आहे. फवारा मारून "बघा, मोकळं झालं" म्हणणारा माणूस तुमचा मित्र नव्हे. चार महिन्यांनी तेच तेल चिकट होऊन सगळं परत धरतं. सगळं सुटं करा, जुनं ग्रीस काढा, नवं लावा, मध्ये आडवाट नाही. सुटं करण्याआधी दर टप्प्याचा फोटो काढा, स्प्रिंगा कुठल्या भोकातून निघाल्या ते दिसेल असा. मोटरची गती प्लॅटरला देणाऱ्या आयडलर चाकाचं रबर दगड झालं असेल तर नुसतं घासू नका, नवं चढवून घ्या.

गुरू शोधायचाच तर मोठ्या संग्राहकाकडे जाऊ नका. तो किमती आणि दुर्मिळपणा सांगेल, तुमच्याकडचं यंत्र उघडणार नाही. घड्याळवाला किंवा शिवणयंत्रवाला गाठा, त्याच्या टपरीशेजारी दोन तास बसा. पहिल्यांदा तो बोलणार नाही, दुसऱ्यांदा स्क्रू-ड्रायव्हर तुमच्या हातात देईल. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि जायचंच असेल तर सकाळी लवकर जा. दुपारी उन्हात टपरी बंद असते.