पान्याचा ब्रँड राहू द्या, तोंड तपासा

पाना घसरून बोल्टाचे कोपरे गोल झाले की पाच मिनिटांचं काम दिवसभर पुरतं. दुकानात मात्र चर्चा तापारिया घ्यावा की दुसरा कुठला, एवढीच. नाशिकच्या तापारियाचे पाने बहुतेक गॅरेजमध्ये सापडतील, तरीही ब्रँडचं नाव बघून अख्खा सेट उचलू नका.

१. दुकानात जाताना खिशात एक नवाकोरा बोल्ट ठेवा, १० मिमी डोक्याचा. गंजलेला किंवा रंग चढलेला चालणार नाही.

२. १० चा पाना त्यावर चढवून हलवा. किंचित ढिलाई असणारच, नाहीतर तो बसणारच नाही. पण दोन्हीकडे डुलत असेल तर खाली ठेवा आणि त्याच ब्रँडचा दुसरा मागा. एकाच खोक्यातल्या दोन पान्यांतही फरक निघतो. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

३. पान्याच्या रिंगच्या, म्हणजे बंद गोल तोंडाच्या, आत नख फिरवा. क्रोमचा पोपडा किंवा गुठळी लागली तर नको.

४. गोटी (सॉकेट, बोल्टावर टोपीसारखी बसणारी) सहा कोनी घ्या. बारा कोनी पटकन बसते, पण झिजलेल्या बोल्टावर लवकर घसरते.

जपानी घडणीच्या मोटारसायकलींना मुख्यतः ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीची मापं लागतात. पैसे तिथे घाला. हातोडी साधी चालते.

चकचकीत क्रोमची गोटी इम्पॅक्ट गनला (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राला) कधीच लावू नका, मग ती कितीही महाग असो. तडकली तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. त्यासाठी काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात.