बुडबुड्यांच्या मडवर काम करताना या चुका टाळा

यवतमाळ-वाशीमकडे बोअरच्या गाडीवर राबलेली पोरं मेहसाण्याला किंवा आसामात तेलविहिरीवर कामाला लागली, की लॉस म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही: खोदताना विहिरीत फिरवलेला दाट द्रव, म्हणजे मड, खडकात पळून जाणं. काळ्या पाषाणात फट लागली की हवा आत पळते, चुरी वर यायची थांबते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. घोळ होतो तो फेसाचा. बोअरमध्ये साबणाचं पाणी सोडलं की फेस चुरी उचलून आणतो, म्हणून तो हवासा वाटतो. लॉस रोखायला बारीक हवेचे बुडबुडे धरलेल्या मायक्रोबबल मडच्या टाकीवर मात्र पांढरा फेस साचला, तर काहीतरी बिघडलंय असं धरा.

हे बुडबुडे साधारण १० ते १०० मायक्रॉनचे. भोवती साबणासारख्या रसायनाचं कवच आणि दाट पाण्याचा थर. पाणी दाट करणारा झँथन गम कमी पडला की कवच टिकत नाही, बुडबुडे एकमेकांत मिसळून वर येतात आणि पंप हवा ओढून ठोके देऊ लागतो. अशा वेळी सवयीनं फेस मारणारं डिफोमर ओतू नका. फेसासोबत कामाचे बुडबुडेही जातात आणि लॉस पुन्हा सुरू होतो. आधी व्हिस्कॉसिटी (दाटपणा) पाहा, तीही मोजयंत्राच्या संथ, ३ आरपीएमच्या वेगावरची. मड किती वेळात गळतं ते पाहायच्या नुसत्या फनेलवर विसंबू नका.

महागात पडते ती वजनाची चूक. समजा, बिनहवेच्या मडचं वजन पाण्याच्या १.०५ पट आहे. त्यात १५ टक्के हवा धरली की साध्या मड बॅलन्सवर (मडचं वजन मोजायच्या तराजूवर) ०.८९ दिसतं. पण हजार मीटर खाली दाब वरच्या सुमारे १०० पट असतो, हवा दबून शंभराव्या हिश्शावर येते आणि मड पुन्हा जवळपास १.०५ च भरतं. ०.८९ पाहून कोणी वजन वाढवायला बॅराइटची जड पूड टाकली, तर लॉस आपल्याच हातानं वाढवला. मड दाबून हवा बारीक करून मग वजन दाखवणारा दाबाचा बॅलन्स वापरा.

टाकीची पातळीही फसवते: ढवळताना हवा जास्त शिरली की पातळी चढते आणि लॉस झाकला जातो.

मडमधली हवा-वायू काढणारा डिगॅसर उगाच चालवू नका. विहिरीतून वायू येत असेल तर मात्र लावाच, बुडबुडे गेले तरी बेहत्तर.

आणि मड वर येतच नसेल, तर बुडबुड्यांच्या नादी लागू नका. हा इलाज बारीक छिद्रांच्या, दाब उतरलेल्या थरांसाठी आहे. मोठ्या भेगेत आधी भरड लॉस मटेरियल (भेग बुजवणारा माल) सोडा. नाही जमलं तर सिमेंट प्लग, आणि तो पक्का होईपर्यंत बिट वरच ठेवा.