एकाच कागदावर तीन संस्था : रक्ताभिसरण, पचन आणि उत्सर्जन यांचा जोड आराखडा कसा काढावा

रक्ताभिसरण, पचन आणि उत्सर्जन ही पाठ्यपुस्तकात तीन निरनिराळी प्रकरणे असतात आणि तीन आकृत्या पाठ करून विद्यार्थी परीक्षेतून पारही पडतो. मात्र आतड्यात शोषली गेलेली साखर पायाच्या स्नायूपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, असे विचारले की तो अडखळतो, कारण त्या वाटेचा अर्धा भाग एका प्रकरणात आणि उरलेला दुसऱ्यात गेलेला असतो. म्हणून या तिन्ही संस्था एका मोठ्या कागदावर, एकमेकींना जोडूनच काढाव्यात. त्यासाठी लाल, निळी आणि पिवळी पेन्सिल पुरेशी आहे. चित्र सुबक नसले तरी चालेल, बाणांची दिशा मात्र चुकता कामा नये.

सुरुवात हृदयापासून करावी. कागदाच्या मध्यभागी एक चौकोन काढून त्याचे चार कप्पे करावेत : वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. चित्रातील व्यक्ती आपल्याकडे तोंड करून उभी आहे असे मानण्याचा संकेत असल्यामुळे तिची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. पहिली चूक बहुधा येथेच होते. उजव्या निलयातून निळा बाण फुप्फुसांकडे न्यावा आणि तेथून लाल बाण डाव्या अलिंदात आणावा. डाव्या निलयातून निघणारा लाल बाण महाधमनीतून सर्व शरीरात जातो आणि निळा होऊन उजव्या अलिंदात परततो. धमनी म्हणजे हृदयाकडून दूर नेणारी वाहिनी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी, एवढीच व्याख्या धरावी. धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असते असे पाठ केले, तर फुप्फुस धमनी लाल रंगवली जाते आणि पुढचा सगळा आराखडा बिघडतो. निळा रंग हाही केवळ संकेतच आहे. ऑक्सिजन कमी झालेले रक्त गडद लाल असते, निळे नव्हे.

आता पेन्सिल खाली ठेवून स्वतःची नाडी मोजावी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवून मोजणीत घोटाळा होतो. 30 सेकंदांतील ठोक्यांची दुप्पट केली की मिनिटाचा आकडा मिळतो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीत तो साधारणपणे 60 ते 100 असतो. दर ठोक्याला डाव्या निलयातून सुमारे 70 मिलिलीटर रक्त बाहेर पडते असे धरल्यास 72 ठोक्यांचे 5040 मिलिलीटर होतात, म्हणजे शरीरात जेवढे रक्त असते जवळजवळ तेवढे दर मिनिटाला हृदयातून पुढे ढकलले जाते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली अशाच हिशेबाच्या आधारे दाखवून दिले, की एवढे रक्त अन्नापासून सतत नव्याने तयार होणे अशक्य आहे आणि तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. शिरांतील झडपांची त्यांची परीक्षा तर घरबसल्या करता येते. हात खाली सोडून शिरा फुगू द्याव्यात, हाताच्या एका ठळक शिरेवर मनगटाच्या बाजूला बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने शिरेतील रक्त कोपराकडे सारावे. मधला भाग रिकामा राहतो, कारण वरचे रक्त झडपेमुळे मागे येऊ शकत नाही. खालचे बोट उचलताच तो पुन्हा भरतो.

पचनसंस्था काढण्यास त्यामानाने कमी वेळ लागतो. मुखापासून गुदद्वारापर्यंत पिवळ्या रंगाची एक सलग नळी काढावी. लाळेने पिष्टाचे आणि जठररसाने प्रथिनांचे पचन सुरू होते. लहान आतड्याच्या सुरुवातीस पित्तरस आणि स्वादुरस येऊन मिळतात. नळीच्या पोकळीत असलेले अन्न खऱ्या अर्थाने अजून शरीराबाहेरच असते, ही गोष्ट आकृतीशेजारी लिहून ठेवावी. लहान आतड्याच्या आतील बाजूस असलेल्या असंख्य बारीक रसांकुरांतून ते शोषले गेले, तरच ते शरीरात आले.

येथून निघणारा बाण सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वाधिक चुकतो. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी यकृतात जाते. जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवणे, शोषल्या गेलेल्या अनेक घातक पदार्थांचा प्रभाव कमी करणे, अशी कामे तेथे होतात आणि मगच ते रक्त यकृतातून निघून उजव्या अलिंदाकडे जाते. स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग याला अपवाद आहे. तो रसांकुरांतील लसीकावाहिन्यांत (लसीका हा रंगहीन द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) शिरतो, यकृताला वळसा घालून मानेच्या तळाशी असलेल्या शिरेत रक्ताला मिळतो. यासाठी एक तुटक रेघ पुरे. साखरेची वाट आता बोट फिरवून सापडते : आतडे, यकृत, उजवे हृदय, फुप्फुसे, डावे हृदय, महाधमनी, पायाचा स्नायू.

उत्सर्जनाचा भाग काढताना मळ आणि मूत्र एका रांगेत बसवू नयेत. मळाचा मोठा भाग मुळात रक्तात आलेलाच नसतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो उत्सर्जित पदार्थ नव्हे. त्याचा तपकिरी रंग मात्र जीर्ण तांबड्या पेशींच्या विघटनातून तयार होऊन पित्तावाटे आतड्यात आलेल्या द्रव्यापासून येतो, म्हणून तेवढा अंश उत्सर्जनात मोडतो. पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे जातो. तो बाण आधीच काढून झाला आहे.

युरिया मूत्रपिंडात तयार होत नाही. अमिनो आम्लांच्या विघटनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो केवळ रक्तातून वेगळा करतात. महाधमनीतून दोन्ही मूत्रपिंडांकडे लाल बाण न्यावेत. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ 180 लीटर द्रव गाळतात, तरी मूत्र होते साधारण दीड लीटर, कारण बाकीचे पाणी आणि त्यातील ग्लुकोज, क्षार यांसारखे उपयुक्त पदार्थ नलिकांतून पुन्हा रक्तात घेतले जातात. मूत्रपिंड नको ते तेवढेच निवडून काढते, ही समजूत म्हणून अपुरी ठरते : आधी जवळपास सगळे लहान रेणू बाहेर सोडायचे आणि मग हवे ते परत उचलायचे, अशी ही पद्धत आहे. तेथून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्ग ही रेघ सरळ खाली जाते.

आराखडा बरोबर आला की नाही हे तपासण्यासाठी प्रथिनांतील नायट्रोजनचा मुखापासून मूत्रापर्यंतचा प्रवास बोटाने दाखवून पाहावा. यकृतात युरिया झाल्यानंतर त्याला मूत्रपिंडाकडे जाताना उजवे हृदय, फुप्फुसे आणि डावे हृदय ओलांडावेच लागते, शिवाय दर फेरीत रक्ताचा थोडाच भाग मूत्रपिंडाकडे वळत असल्यामुळे एखादा रेणू कितीतरी फेऱ्या मारूनच बाहेर पडतो. आपल्या कागदावर यकृतातून मूत्रपिंडाकडे सरळ रेघ गेली असेल, तर ती खोडावी.